डोंगरावर काय पाहावे?



तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, चाचा किंवा मामू आखाती देशांत नोकरीला असतील. ते सुट्टीवर आले की खजूर आणतात, अत्तर आणतात आणि फोटो दाखवतात. उंच इमारती, चकचकीत बाजार, सहापदरी रस्ते आणि मागे पसरलेली वाळू! हे फोटो पाहून आपल्या मनात अरब जगाचे एक चित्र तयार होते. तेथे वाळवंट असते, तेल असते आणि पैसा असतो. डोंगर असतात असे कोणी सांगत नाही.

वास्तविक अरब जगात मोठमोठे डोंगरी प्रदेश आहेत. यमनचा डोंगराळ भाग आहे, लेबनॉनचा पर्वत आहे, मोरोक्कोचा अ‍ॅटलास आहे. ओमानमध्ये हजर नावाची पर्वतरांग आहे. हजर म्हणजे दगड, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. याच रांगेत 'अल्-जबल अल्-अखदर' हा भाग येतो. उर्दूत आपण 'अखजर' म्हणतो तोच हा शब्द. त्याचा अर्थ हिरवा डोंगर.

२०२३ साली रमजान ईदनंतर मी हा डोंगर पाहून आलो. माझे थोरले भाऊ मस्कतला नोकरी करतात. आम्ही सारी भावंडे त्यांना भाईजान म्हणतो. त्यांनी आग्रहाने बोलावले आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून गेलो. त्या प्रवासात काय काय पाहिले याची यादी मी येथे देणार नाही. एखाद्या ऐतिहासिक प्रदेशात गेल्यावर नेमके काय पाहावे, याबद्दल माझे जे मत बनले ते मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. ते तुम्हांला पटते का, ते तुम्हीच ठरवा.

मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर बिरकत अल्-मौज नावाचे गाव आहे. तेथून डोंगराचा चढ सुरू होतो. गावाजवळ पोलिसांची चौकी आहे. चारही चाकांना जोर असलेली गाडी असेल तरच वर सोडतात, कारण घाट फार तीव्र आहे. पूर्वी हीच वाट लोक गाढवांवर सामान लादून चढत असत. घाट चढून आपण सैक पठारावर पोहोचतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराहूनही हे पठार उंच आहे. मस्कतमध्ये अंगाची लाही होत होती आणि वर मात्र गार वारा सुटला होता.

पहिल्यांदा मला हसू आले. नाव हिरवा डोंगर, पण जिकडे पाहावे तिकडे राखाडी आणि तपकिरी दगड! हिरवळ कोठे आहे, असे मी भाईजानना विचारले. ते म्हणाले, "जरा थांब. आधी सगळे जे पाहतात ते पाहून घे."

सगळे जे पाहतात ते म्हणजे दरीचा कडा. १९८६ साली ब्रिटनच्या राजकुमारी डायना ओमानला आल्या होत्या, तेव्हा त्या येथेही आल्या. म्हणून त्या जागेला डायना पॉइंट म्हणतात. आता ती जागा एका महागड्या हॉटेलच्या आवारात आहे. दरी खरोखरच भव्य आहे. खाली पाहिले की पाय लटपटतात. प्रवासी येतात, कड्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि परत जातात. मीही फोटो काढला. खोटे कशाला सांगू?

मग भाईजान मला अल्-ऐन नावाच्या गावाच्या वाटेने घेऊन गेले आणि हिरवा रंग दिसला. दरीच्या उतारावर, एकाखाली एक, शेताच्या शेकडो पायऱ्या होत्या. दगडाचे बांध घालून, माती भरून केलेली ती लहान लहान वाफ्यांएवढी शेते! त्यांत डाळिंब, जर्दाळू, अक्रोड, लसूण आणि गुलाब होते. गुलाबाचा हंगाम संपत आला होता. येथे वसंतात गुलाब फुलतो आणि घरोघरी मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढतात. त्या गुलाबपाण्याला किंचित धुराचा वास असतो.

आता विचार करा. पाऊस थोडा, जमीन खडकाळ आणि उतार असा की माणूस घसरून पडेल. अशा जागी गुलाब कसा फुलतो? त्याचे उत्तर त्या शेतांच्या कडेने वाहत होते. वीतभर रुंदीचा एक पाट होता. त्याला तेथे फलज म्हणतात. अनेक असतील तर अफलाज.

फलज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डोंगरात कोठेतरी झरा असतो किंवा जमिनीखाली पाणी असते. तेथून अगदी मंद उतार देत पाणी गावापर्यंत आणायचे. काही ठिकाणी पाट उघडा असतो. काही ठिकाणी तो जमिनीखालून बोगद्यासारखा कित्येक किलोमीटर येतो. ज्या मूळ विहिरीतून पाणी निघते तिला 'उम्म' म्हणजे आई म्हणतात. वाटेत ओढा आडवा आला तर पाणी खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर चढवायचे, ही युक्तीही त्या लोकांना ठाऊक होती. यात पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्याच वजनाने चालते. लोककथा अशी आहे की, हजरत सुलेमान (अ.) दहा दिवस ओमानमध्ये राहिले आणि त्यांच्या आज्ञेने जिनांनी दररोज एक हजार पाट खोदले. कथा गोड आहे. पण ज्या माणसांनी अंधाऱ्या बोगद्यात वाकून छिन्नी चालवली, त्यांच्या श्रमाला जिनांचे नाव देऊन आपण त्यांना विसरू नये, असे मला वाटते.

ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार पाट आजही वाहतात. २००६ साली युनेस्कोने त्यांपैकी पाच पाटांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतला एक, फलज अल्-खतमैन, पायथ्याच्या बिरकत अल्-मौज गावातच आहे. दुसरा, फलज दारिस, जवळच्या निजवा शहराचा आहे. निजव्याचा किल्ला सतराव्या शतकातला आहे आणि तो पाहायला प्रवाशांची रीघ लागते. पण दारिसचे पाणी पाहायला त्यांतले किती जण थांबतात?

मित्रांनो, खोदकामापेक्षाही मला नवल वाटले ते पाण्याच्या वाटणीचे. पाणी जेथे प्रथम उघड्यावर येते ती जागा पिण्याच्या पाण्यासाठी राखलेली असते. तेथून गावकरी असो की वाटसरू, कोणीही पाणी घ्यावे, त्याला मोल नाही. त्यानंतर ते मशिदीत वुजूसाठी जाते. मग पुरुषांच्या व स्त्रियांच्या न्हाणीघरांकडे वळते. हे सर्व झाल्यावर शेतीची वेळ येते. शेतीतही आधी खजुरासारखी कायमची झाडे आणि मग हंगामी पिके. पाणी कमी झाले तर हंगामी पिके सोडायची, पण झाडे जगवायची.

शेतीचे पाणी वेळेवर मोजतात. 'अथर' नावाचे माप आहे. ते सुमारे अर्ध्या तासाचे असते. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाणीपाळी ठरत असे. आता घड्याळ आले आहे. पाटाचा कारभार पाहणाऱ्याला 'वकील' म्हणतात आणि हिशेब लिहिणाऱ्याला 'अमीन अद्-दफ्तर' म्हणतात. हे शब्द ऐकून मला फार आनंद झाला. वकील हा शब्द अरबीत आहे, उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. तुम्ही रोज पाठीवर जे घेऊन शाळेत येता त्यालाही मराठीत दप्तरच म्हणतात. भाषा एकमेकींकडून शब्द घेतात, त्यांना सीमा अडवत नाहीत.

आता एक लहानसा प्रसंग सांगतो. आम्ही पायऱ्यांच्या वाटेने उतरत होतो. एक वृद्ध गृहस्थ आपल्या डाळिंबांना पाणी देत बसले होते. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, उठले, फडक्यात गुंडाळलेला दगड आपल्या वाफ्याच्या तोंडाशी घट्ट बसवला आणि पाणी पुढे जाऊ दिले. खालच्या शेतात कोणीच नव्हते. वाफ्याचा एक कोपरा अजून कोरडा दिसत होता. भाईजानना अरबी चांगली येते. त्यांनी सहज विचारले, "चाचा, पाळीवाला अजून आलेला नाही. तेवढा कोपरा भिजवून घ्यायचा होता ना?"

त्यांनी आमच्याकडे थोड्या आश्चर्याने पाहिले आणि म्हणाले, "आता पाणी माझे नाही."

एवढेच. त्यांनी उपदेश केला नाही. आम्हांला हाताने बसायची खूण केली आणि खजूर व कहवा पुढे ठेवला.

मी कहवा प्यालो खरा, पण मला आमच्या घरचा नळ आठवला. मी औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा राहणारा. आमच्या मोहल्ल्यात नळाला कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी येते. पाणी आले की घराघरांतून घर्र असा आवाज सुरू होतो. लोक नळालाच मोटार लावतात. ज्याची मोटार मोठी त्याची टाकी आधी भरते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध खाला एकट्या राहतात. त्यांच्याकडे मोटार नाही. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते, तीही शेवटच्या दहा मिनिटांत. मुलांनो, मी शिक्षक आहे. वर्गात मी तुम्हांला हक्क आणि कर्तव्ये शिकवतो. आणि माझ्याही नळाला तीन वर्षे मोटार होती. सगळेच लावतात, मग मीच का लावू नये, असे मी स्वतःला समजावीत असे. त्या डोंगरावर मला समजले की, खालांच्या वाट्याचे पाणी माझ्या टाकीत येत होते.

म्हणून माझे मत असे आहे. ऐतिहासिक प्रदेशात गेल्यावर किल्ला जरूर पाहावा, कडाही पाहावा. पण तेथील माणसे इतकी शतके तेथे कशी टिकली, त्यांनी आपसांत कोणता नियम पाळला, ते शोधून पाहावे. किल्ला बांधायला राजा पुरतो. पाट वाहता ठेवायला सारा गाव लागतो, तोही दररोज. एक माणूस बेइमान झाला की खालच्या शेतात धूळ उडते. या डोंगरावरही लढाया झाल्या. इमामाचे लोक १९५७ पासून येथे ठाण मांडून होते आणि जानेवारी १९५९ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी पठार घेतले. पायथ्याचे तनूफ गाव त्या काळात ब्रिटिश विमानांच्या बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले. त्याच्या मातीच्या भिंती आजही उभ्या आहेत. इतके होऊनही पठारावरच्या गावांनी आपले पाट पुन्हा दुरुस्त केले आणि पाळ्या चालू ठेवल्या. हा इतिहास युद्धाच्या इतिहासाहून लहान आहे असे मी मानत नाही.

यावर कोणी म्हणेल, "सर, हे जुन्या काळाचे कौतुक झाले. आज बोअर आहे, पंप आहे, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने आहेत. वीतभर पाटाला काय कवटाळायचे?" हा आक्षेप खोटा नाही. ओमानच्या शहरांना गोड्या केलेल्या समुद्राच्या पाण्याचा मोठा आधार आहे आणि त्यामुळे लाखो लोकांची तहान भागते. माझे भाऊही तेच पाणी पितात. पण पंपाची दुसरी बाजूही पाहा. खोल विहिरी खोदून पंपाने पाणी उपसले की जमिनीखालची पातळी खाली जाते आणि शेजारचा फलज आटतो. युनेस्कोनेही हाच धोका नोंदवलेला आहे. फलज जमिनीतून जेवढे आपोआप येते तेवढेच घेतो. पंप मागेल तेवढे देतो आणि मागणाऱ्याला थांबायला शिकवत नाही. यंत्र वाईट नाही. पण यंत्राबरोबर नियमही यायला हवा.

दुसरा आक्षेप माझ्याच मनात आला. फलजच्या गावात सगळे समान असतात का? नाही. पाण्याच्या पाळ्या वारसाने मिळतात, विकल्या जातात, भाड्यानेही दिल्या जातात. ज्याच्याकडे जास्त पाळ्या त्याची बाग मोठी. हे लपवून ठेवणे बरोबर नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्या. पिण्याच्या पाण्याचा लिलाव होत नाही. आणि काही पाळ्या मशिदीसाठी, काही पाटाच्या दुरुस्तीसाठी वक्फ म्हणून राखलेल्या असतात. त्यांचे जे उत्पन्न येते त्यातून पाटाची डागडुजी होते. म्हणजे पाणीच आपल्या पाटाचा खर्च भागवते!

ही व्यवस्था अमर आहे असेही समजू नका. जवळच वादी बनी हबीब नावाचे जुने गाव आहे. दरीत अक्रोडाची आणि डाळिंबाची झाडे आहेत. वर दगड-मातीची घरे ओसाड पडली आहेत. दारे निखळली आहेत, छपरे खाली आली आहेत. लोक सोयीच्या नव्या घरांत राहायला गेले. त्यांना दोष कसा द्यावा? रस्ता, दवाखाना आणि शाळा कोणाला नको? तरुण मुले शहरात नोकरीला जातात आणि बांधाचा निखळलेला दगड परत बसवायला हात कमी पडतात. आपल्या कोकणातही असे घडते. बाप आणि मुलगा दोघेही आखातात आणि गावची शेते पडीक! त्या घरांपुढे उभा असताना मला कोकणातले माझे काही विद्यार्थी आठवले.

असे काही पाहायला ओमानलाच जायला हवे असे मात्र नाही. विमानाचे भाडे सर्वांना परवडत नाही. आपल्या महाराष्ट्रात पाहा. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आमच्या शहरासाठी, म्हणजे तेव्हाच्या खडकीसाठी, जमिनीखालून पाण्याची नहर आणली. ती नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. तो निजामशाहीचा वजीर झाला आणि डोंगराचे पाणी शहरात आणून गेला. फलज आणि ही नहर एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत. आमच्या पाणचक्कीतही असेच दूरवरून नळाने आणलेले पाणी पडते. प्रवासी तेथे फोटो काढतात. पण ते पाणी येते कोठून, हे माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी दोघांनाच माहीत होते. आणि नहर? ती अनेक ठिकाणी फुटली आहे, बुजली आहे.

धुळे-नाशिककडे पाहा. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधारे घालून शेतकऱ्यांनी 'फड' पद्धत चालवली. लाभाची सारी जमीन फडांत वाटायची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यायचे. पाऊस कमी झाला तर कमी फड भिजवायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटाही सर्वांमध्ये वाटला जायचा. ओमानचा वकील आणि खानदेशचा पाटकरी एकमेकांना कधी भेटले नसतील. पण भेटले असते तर कामाच्या गोष्टी बोलायला त्यांना दुभाष्या फार वेळ लागला नसता.

तुम्ही मोठे व्हाल, कमवाल आणि कदाचित त्या डोंगरावर जाल. तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. बांधावर पाय देऊ नका. एक दगड निसटला तर खालच्या तीन शेतांत माती जाते. फलजच्या वरच्या अंगाला हातपाय धुऊ नका, खाली कोणीतरी ते पाणी पिणार आहे. कोणाचे घर, कोणाची मुलेबाळे दिसली तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. सलाम करा, थोडा वेळ बसा आणि पाणी कोणाचे आहे, ते विचारा. त्या एका प्रश्नातून तुम्हांला गावाचा सारा इतिहास कळेल.

सुट्टी संपवून मी घरी आलो. पहिल्याच पाण्याच्या दिवशी मी मोटार काढून ठेवली. माझ्या बेगम म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या मोटारीने काय फरक पडणार?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवशी आमची टाकी अर्धीच भरली आणि खालांची धार करंगळीएवढीच राहिली. पुढच्या महिन्यात मी गल्लीतल्या घरी घरी गेलो. काहींनी चहा पाजला, काहींनी चेष्टा केली. आज आमच्या गल्लीतल्या अकरा घरांपैकी सहा घरे नळाला मोटार लावत नाहीत. पाच अजून लावतात. खालांचे दोन हंडे आता भरतात, तिसरा कधी भरतो, कधी नाही.

हे काम अर्धेच झाले आहे. उरलेल्या पाच घरांत माझे दोन विद्यार्थीही राहतात. हा पाठ ते वर्गात वाचतील, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहणार नाही. पण त्यांनी घरी जाऊन आपल्या अब्बांशी बोलावे, एवढी माझी अपेक्षा आहे. आणि तुमच्या गल्लीत पाणी कोणाकडे पोहोचत नाही, हे तुम्हीही एकदा टोकापर्यंत चालत जाऊन पाहा.